डोमाची पाठ

मला पोरं दोन. थोरला मनसाराम, धाकटा डोमा. त्यांतल्या कोणाला काठ्यांखाली पाठवायचं हे मला एका सकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभं राहून ठरवावं लागलं, आणि मी ठरवलं. कुड्याटोल्यात त्यावर आजही बोलणं होतं. बोलणाऱ्यांत त्या दिवशी पाळीवर हजर असलेला एकही नसतो. जे हजर होते ते तोंड मिटून बसतात. म्हणून मीच सांगते.

मालगुजारी बुडाली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तोवर तलाव मालगुजाराचा होता. कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी जायचं ते त्याचा दिवाणजी सांगायचा, आणि कोणी ऐकलं नाही तर त्याचा चाबूक सांगायचा. मालगुजार गेला, तलाव सरकारचा झाला. सरकार काही पाळीवर येऊन बसत नव्हतं. तलावाखाली गावं दोन. वरचं आमचं कुड्याटोला, खालचं साजबोडी. साजबोडी माझं माहेर. त्या वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. दोन्ही गावांचा धान गर्भात, बांध्यांना पाय जाईल एवढ्या भेगा, आणि तलावात पाणी एकाच गावापुरतं.

पाणी सोडायला पाळीच्या पोटात तुडूम असतो. तुडूम म्हणजे पोकळ केलेलं आडवं खोड. त्याचं एक तोंड तलावात पाण्याखाली, दुसरं पाळीच्या पलीकडे दगडी पाटात. आतल्या तोंडाला लाकडी डट्टा ठोकलेला. डट्टा काढला की पाणी पलीकडे. आमच्या तलावाला दोन तुडूम होते, एक आमच्या बांध्यांचा, एक साजबोडीचा. डट्टा काढायचं नि ठोकायचं काम माझ्या सासऱ्यापासून आमच्या घरात. त्या वर्षी आम्ही साजबोडीचा तुडूम बुजवला. नुसता डट्टा ठोकला नाही. आधी खोडात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चिखल कुटून भरला, आणि वरून डट्टा बसवला.

चूक केली असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात तुडूम असता तर त्यांनी आमचा बुजवला असता.

त्या पंधरवड्यात रक्त सांडायला सुरुवात झाली. त्यांच्या एका माणसाचं डोकं आमच्या लोकांनी फोडलं. त्यांनी आमच्या नांगराच्या बैलाच्या मागच्या पायाची शीर कापली. बैल बांधीत बसून हंबरत राहिला आणि शेवटी मनसारामनेच त्याच्या कपाळात कुऱ्हाड घातली. नंतर ज्याने शीर कापली होती त्याला मनसारामने मोहाच्या झाडाखाली गाठलं आणि त्याच्या नडगीचे दोन तुकडे केले. घरी येऊन पोटभर जेवला.

हा माझा मनसाराम. रानडुक्कर अंगावर आलं तर बाजूला होत नाही, समोरून घाव घालतो. त्याच्या हातात जोर आहे हे गावाला दिसायचं. त्याचं उणं मला एकटीला दिसायचं. त्याला एक चापट बसली की त्याचे डोळे जात. मग समोर कोण आहे, आपण कशाला आलो होतो, काही उरत नसे. मारल्याशिवाय तो मार घेऊ शकत नव्हता, एक सुद्धा.

डोमा उलटा. लहान होता तेव्हा गुराखी पोरं त्याला बदडायची आणि हा ओठ फुटलेला घेऊन घरी यायचा, ना रडणं, ना गाऱ्हाणं. तू काऊन नाही मारलं म्हणून मी त्याला वरून आणखी दोन ठेवून द्यायची. तेही घ्यायचा. मोठा झाला, लग्नाचा झाला, तरी तसाच. साजबोडीत त्याला लोक नंदी म्हणत. मी घरात त्याहून वाईट म्हणायची.

माझा भाऊ इसरू साजबोडीचा पुढारी. माझ्याहून लहान. त्याला मी कडेवर वागवलं आहे, म्हणून त्याचा स्वभाव मला त्याच्या बायकोपेक्षा ठाऊक. हातात घेतलेलं तो सोडत नाही. पोर असताना त्याने बिळातली घोरपड शेपटीला धरली, तिने नखांनी त्याचा हात सोलून काढला, तरी ओढतच राहिला, आणि शेवटी काढलीच. माझा बाप त्यावर खूष होता. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं, हा पोरगा एक दिवस कशाला तरी धरून मरणार.

आणि माझं स्वतःचं सांगायचं तर माझं बळ माझ्या जिभेत. मालगुजाराचा दिवाणजी मला भिऊन आमच्या अंगणावरून जात नसे. साजबोडीचे लोक पहिल्यांदा जमून पाळीवर आले तेव्हा आमचे पुरुष रानात होते. मी केस मोकळे सोडून छाती पिटत धावले, इसरूच्या बायकोला गोठ्यात नाग डसला, धावा रे. सगळे परत पळाले. घरी ती बाई उखळात धान कांडत बसली होती. तेवढ्या वेळात पुरुषांना बोलावून आम्ही तुडूम बुजवून घेतला. मला त्याची लाज नाही. पण त्या दिवसापासून साजबोडीत मी दिवसाला दिवस म्हटलं असतं तरी लोकांनी आधी बाहेर येऊन सूर्य बघितला असता.

मग ती सकाळ आली. न्याहारीच्या वेळी ते आले, दोन टोळ्या करून. एक टोळी इसरूबरोबर पाळीवर. दुसरी त्याचा पोरगा वारलू घेऊन पलीकडे खाली, जिथं तुडुमाचं पाणी पाटात पडतं तिथं. पाणी सुरू झालं की आम्ही बाहेरून तोंड बुजवू, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून वारलूला सांगून ठेवलं होतं की त्या तोंडाजवळ जो कोणी येईल त्याला आडवा करायचा.

पाळीवर जे झालं ते मारामारीच्याही पुढचं होतं. पाळ अरुंद, मागे पाणी, पुढे उतार, पळायला जागा नाही. काठीवर काठी, मग काठी मोडली की दगड, दगड सुटला की दात. चैतू म्हणून आमचा एक म्हातारा, त्याच्या तोंडावर लाकडाचा फाळका बसला आणि तो आपले दात हातात घेऊन बघत बसला. एकाचं बोट कोणी तरी चावून तोडलं. मनसारामच्या हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा होता, पातं मी पहाटेच काढून लपवलं होतं. त्या दांड्याने त्याने तीन जण उतारावरून खाली लोळवले, त्यातला एक उठला नाही. डोमाही होता. काठी आडवी धरून दुसऱ्यांवरचे घाव अडवत होता. एकही घाव त्याने घातला नाही. मला त्याची चीड येत होती.

त्या गर्दीत इसरू पाण्यात उतरला. तुडुमावर पाणी गळ्याएवढं होतं. त्याने बुडी मारली, डट्टा हलवून हलवून काढला. पाणी गेलंच नाही. आत आम्ही तणस कुटलं होतं ना. आमच्या घरचा कोणी असता तर त्याने बांबू घेतला असता, बाजूला उभं राहून कोचलं असतं. तुडुमात हात घालायचा नाही हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. साजबोडीचे लोक पाटाचे. पाणी त्यांच्या दारात येतं तेव्हा ते गरीब झालेलं असतं. इसरूने हात घातला आणि मूठ मूठ तणस उपसायला लागला. धरलेलं सोडायचं नाही ना त्याला. शेवटची मूठ निघाली आणि सगळा तलाव त्याच्या हातामागे त्या भोकात शिरला. हात खांद्यापर्यंत ओढला गेला. भोकात हाताचं बूच बसलं, तरी बाजूने पाणी धडधडत जात होतं. इसरूचं तोंड पाण्याखाली होतं.

पलीकडे वारलूच्या लोकांनी पाणी आलेलं पाहिलं आणि जयजयकार केला.

मनसाराम मामाला मारायलाच पाण्यात उडी टाकून गेला होता. दांडा उगारून जवळ पोहोचला आणि थांबला. इसरूचा एक हात पाण्यावर आपटत होता, कोंबडी कापल्यावर आपटते तसा. मी पाळीवरून ओरडून सांगितलं, त्याचं मुंडकं वर धर.

मनसाराम म्हणाला, "मरू दे ना, माय. आपसूक मरून राह्यला."

"तो आपल्या तुडुमात मेला तर कोणी मारलं म्हणतीन? तुह्याच गळ्यात दोर येते. आणि तो माहा भाऊ आहे. धर."

मनसारामने केसांना धरून त्याचं डोकं मागे खेचलं. नाक पाण्यावर आलं. इसरूने श्वास ओढला तो आवाज अजून माझ्या कानात आहे, फुटक्या भात्यासारखा. मग मनसारामने त्याला काखेत धरून ओढायला सुरुवात केली. त्याला ओढणंच येतं. खांद्यात कडकड वाजलं, इसरू किंचाळला, पण हात एक बोटभर सुद्धा मागे आला नाही. आणखी ओढलं असतं तर माणूस इकडे आणि हात तिकडे राहिला असता. मी म्हटलं, ओढू नको, नुसतं वर धर.

याला उपाय एकच, तो माझ्या सासऱ्याने मला दाखवला होता. पलीकडचं तोंड बाहेरून बुजवायचं. तिकडे पाणी अडलं की खोडात पाणी उभं राहतं, आणि इकडची ओढ मरते. हात लोण्यातून निघावा तसा निघतो. तणसाचा भारा तोंडात दाबायचा, त्याला पाठ लावायची, पाय समोरच्या दगडाला, आणि दम धरून राहायचं. पाठ हलली की भारा माणसासकट उडतो.

मी उतारावरून खाली गेले. पाळ उंच, खालून तलाव दिसत नाही. वारलू काठी घेऊन पाटात उभा, गुडघाभर पाण्यात, हसत होता. मी त्याला सांगितलं की तुझा बाप तुडुमात अडकला आहे, तोंड बुजवू दे. तो आपल्या लोकांकडे बघून म्हणाला की आत्याबाईचा नाग पुन्हा निघाला. सगळे हसले. मी म्हटलं, वर येऊन आपल्या डोळ्यांनी बघ. तो म्हणाला, मी वर गेलो की तुम्ही खाली बुजवणार, तेवढा मी खुळा नाही. मी आईची शपथ घेतली. त्याच्या मेलेल्या आजीची, माझ्या स्वतःच्या आईची. तो म्हणाला, नागाच्या वेळी कोणाची घेतली होती?

मी त्याच्या अंगावर गेले. त्याने मला काठीने मारलं नाही, काठी आडवी करून ढकललं. मी दगडावर पडले आणि माझं मनगट मोडलं. तेव्हा मला कळलं की माझी जीभ लोकांना पळवू शकते, थांबवू शकत नाही. आयुष्यभर जे बळ म्हणून वापरलं त्याला त्या पाटात काडीची किंमत नव्हती.

पुन्हा वर चढले. वरून दोन्ही बाजू दिसत होत्या. एका बाजूला मनसारामच्या हातात इसरूचं निळं पडलेलं तोंड, दुसऱ्या बाजूला वारलूची टोळी. पाळीवरची मारामारी थकून बसली होती, जो तो आपलं फुटलेलं धरून. एकाला खाली पाठवायचं होतं. टोळीला हरवायला माणसं उरली नव्हती, आणि हरवून चाललंही नसतं, मारामारी चालू असताना भारा कोण धरणार? जाणाऱ्याने भाऱ्याला पाठ लावून बसायचं आणि पडेल तेवढा मार घ्यायचा. हात उचलायचा नाही. हात उचलला की पाठ सुटली.

माझ्या मनसारामला हे मरेपर्यंत जमलं नसतं.

डोमा माझ्याजवळच उभा होता. मी त्याला काय करायचं ते सांगितलं. तणसाचा भारा पाळीवर पडलेलाच होता, तुडुमासाठी आणलेला.

तो म्हणाला, "मारतीन, माय."

"मारतीन. तू हलू नको. तुले हेच येते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग काठी खाली ठेवली, भारा डोक्यावर घेतला आणि उतरला.

पहिल्या काठीत भारा डोक्यावरून पडला. त्याने तो छातीशी धरला आणि वाकून पाटात शिरला. दुसरी, तिसरी पाठीवर. तो तोंडापर्यंत पोहोचला, भारा दाबला, वळला आणि पाठ लावून बसला. पाय समोरच्या दगडाला. पाणी त्याच्या काखांतून, मानेमागून उडत होतं. मग ते सगळे त्याच्यावर पडले. नंदी म्हणायचे ना, तसंच मारलं. गुडघ्यांवर मारलं, की पाय सुटावे. गुडघ्याची वाटी फुटलेली मला वरून ऐकू आली. पाय सुटले नाहीत. कोणी केस धरून ओढलं, कोणी दगडाने जबडा ठेचला. पाटातलं पाणी लाल व्हायला लागलं, मग कमी व्हायला लागलं. त्याने दोन्ही हातांनी मागचा भारा धरला होता. तोंडावर येणारा घाव त्याला दिसत होता आणि त्याने हात वर घेतला नाही.

मी वरून म्हणत होते, हलू नको. डोमा, हलू नको. सगळ्या गावाने ऐकलं. आपला पोरगा मार खाऊन राह्यला आणि माय वरून हलू नको म्हणते, असं जे म्हणतात ते खरं म्हणतात.

मग तलावाच्या बाजूने मनसाराम ओरडला की सुटला. ओढ मेली होती. इसरूचा हात बाहेर आला, सोललेला, खांद्यातून उलटा लोंबणारा. मनसारामने मामाला खांद्यावर टाकला आणि पाळीवर चढवला. इसरू ओकला, खोकला, जिवंत होता.

मी वारलूला सांगितलं नाही. सांगून त्याने ऐकलं नसतं. मनसारामला म्हटलं, मामाला कडेला उभा कर. वारलूने काठी उगारली होती तेव्हा त्याची नजर वर गेली. त्याला बाप दिसला, भिजलेला, एक हात लोंबत असलेला. पण उगारलेली काठी खाली यायचीच होती. ती डोमाच्या डाव्या कानावर बसली. तेव्हा कुठे त्याची पाठ सुटली. भारा उडाला, डोमा पाण्याबरोबर पाटातून वाहत गेला, आणि त्याला उचलायला पहिला धावला तो वारलूच.

त्या दिवशी तुडूम बुजवायला कोणाला सुचलं नाही. पाणी साजबोडीला गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही डट्टा ठोकला तेव्हा तलाव अर्धा होता. दोन्ही गावांचा अर्धा अर्धा धान आला. जो उठला नव्हता तो साजबोडीचा माणूस चौथ्या दिवशी वारला. ठाण्यावर दोन्ही गावांनी सांगितलं की तो पाळीवरून घसरला. इसरूनेच तसं बोलायला लावलं. मनसाराम वाचला.

डोमा पावसाळ्यापर्यंत खाटेवर होता. जबडा फडक्याने बांधलेला, पेज चमच्याने पाजावी लागायची, मीच पाजायची. गुडघा आखडला तो आखडलाच. डावा कान गेला. आल्यागेल्याला मी सांगायची की माझे पोरगे मी ओळखले, एकाला मारता येतं, एकाला मार खाता येतो, आणि ज्या दिवशी जे लागलं ते मी काढून दिलं. लोक माना डोलवायचे. डोमा खाटेवरून ऐकायचा.

धान रोवायच्या आधी पंच बसले. ठरलं की साजबोडीच्या तुडुमावर साजबोडीचा माणूस राहील. साजबोडीने माणूस मागितला तो डोमा. त्यांच्यात तुडुमाचं काम येणारा कोणी नव्हता, आणि इसरूचा हात कामाचा न राहिल्याने त्याच्या घरात माणूसही हवं होतं. मी पंचांसमोर सांगितलं की माझा पोरगा मी देणार नाही, मागायला लाज वाटली पाहिजे, त्याचा जबडा ज्यांनी ठेचला त्यांच्याच घरी?

डोमा उठून उभा राहिला. जबड्यामुळे त्याचं बोलणं आता चिवडलेलं येतं, सावकाश येतं.

"मी जातो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुले विचारलं कोणी?"

"नाई विचारलं. त्या दिवशीबी नाई विचारलं. मले मार खाता येते हे तुले बराबर माहीत होतं, माय. मले दुखते का, हे तुले माहीत होतं?"

मला उत्तर सुचलं नाही असं कधी झालेलं नाही, तेव्हाही झालं नाही.

"दुखते म्हणूनच पाठवलं," मी म्हटलं. "ज्याले दुखत नाई, तो पळून जायले मोकळा असते."

तो माझ्याकडे वळला. वाटलं, हसतो आहे. जबडा वाकडा असल्यामुळे त्याचं हसणं आता कळत नाही. मग आखडलेला पाय ओढत इसरूच्या बैलबंडीत जाऊन बसला. वारलूने त्याला हात देऊन वर घेतलं. मी आवाज दिला नाही. मनसाराम मात्र गाडीमागे पाळीपर्यंत गेला.

माझी निवड चुकली नव्हती. आज तीच सकाळ आली तर मी त्यालाच पाठवीन. फक्त आता तो जाईल की नाही, ते सांगता येत नाही. साजबोडीत त्याला कोणी नंदी म्हणत नाही. परवा कोणी तरी पाण्याच्या वाटणीवरून त्याच्या अंगावर हात टाकला, तर त्याने त्याचं मनगट धरून शांतपणे बाजूला केलं, असं ऐकते.

सणाला येतो. मी जेवायला वाढते. तो डावा कान माझ्या बाजूला करून बसतो आणि खाली मान घालून जेवतो. मी बोलत राहते. उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसावं, तेवढं मला अजून जमलेलं नाही.